चिकटवलेला दात निखळतो का, आणि टिकतो कशाने?

‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण म्हातारपणासाठी आहे, असे आपण समजतो. पण समोरचा एखादा दात नसलेली तरुण मुलेमुलीही आपल्या आसपास काही कमी नाहीत. कोणाचा दात क्रिकेटचा चेंडू लागून पडलेला असतो, कोणी सायकलवरून पडलेले असते. काहींच्या तोंडात तर तो दात मुळात आलेलाच नसतो. वरच्या मधल्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचा छोटा पटाशीचा दात जन्मतःच नसणे, ही गोष्ट शंभरात एकदोघांच्या बाबतीत घडते. अशी मुले फोटो काढताना ओठ मिटून घेतात, हसताना तोंडावर हात धरतात. आईवडिलांना दोन काळज्या असतात. दात बसवावा तर लागणार, पण त्यासाठी शेजारचे चांगले दात खराब तर होणार नाहीत ना?

ही काळजी रास्त आहे. नेहमीच्या पद्धतीचा पक्का ब्रिज बसवायचा म्हणजे मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात चहूबाजूंनी घासून त्यांवर टोप्या चढवाव्या लागतात. अशी पूर्ण टोपी चढवण्यासाठी पुढच्या दाताचा दिसणारा भाग किती घासला जातो, याची मोजणी 2002 साली प्रसिद्ध झाली. दाताच्या त्या भागाचे सुमारे 63 ते 72 टक्के वजन कमी होते, असे तीत आढळले. म्हणजे एका दाताच्या बदल्यात दोन निरोगी दातांचा जवळजवळ दोनतृतीयांश भाग द्यायचा! म्हाताऱ्या माणसाच्या किडलेल्या दाताला ते चालून जाईल, पण सतरा वर्षांच्या मुलीच्या धडधाकट दाताला नाही. स्क्रूचा दात, म्हणजे इम्प्लांट, हा चांगला उपाय आहे. पण जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत तो बसवता येत नाही. काढघाल करायची कवळी तर तरुण मुलांना नकोशीच वाटते.

अशा वेळी उपयोगी पडतो तो चिकटवलेला ब्रिज. यात कृत्रिम दाताला मागच्या बाजूने एक पातळ पंख असतो. हा पंख शेजारच्या दाताच्या आतल्या, म्हणजे जिभेकडच्या बाजूला एका विशिष्ट रेझिन सिमेंटने चिकटवतात. शेजारचा दात जवळजवळ घासावा लागत नाही. घासला तरी नखाच्या जाडीइतका. बहुतेक वेळा भूल देण्याचीही गरज पडत नाही.

मग सगळेच असा दात का बसवून घेत नाहीत? कारण ‘तो निघून येतो’ अशी त्याची ख्याती झाली आहे. ही ख्याती अगदीच खोटी नाही. परंतु तो का निघून येतो, हे गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत चांगले कळले आहे. दोष बहुतेक वेळा सिमेंटचा नसतो. तो पृष्ठभागाच्या तयारीचा, ओलाव्याचा किंवा ब्रिजच्या आखणीचा असतो. हे रुग्णालाही ठाऊक असले तर आपला दात टिकवण्यात त्याचाही हातभार लागतो. म्हणून आजचा हा लेख.

सायकलचे पंक्चर आणि दात

पंक्चर काढणारा माणूस काय करतो, ते वाचकांनी पाहिलेच असेल. तो ट्यूब कानशीने किंवा काचपेपरने घासतो, धूळ पुसतो, सोल्युशन लावतो, ते थोडे सुकू देतो आणि मगच चकती दाबतो. घासलेल्या जागी तो बोटही लागू देत नाही. ट्यूब ओली असेल तर चकती त्याच दिवशी सुटणार, हे त्याला शाळेत न जाताही ठाऊक असते. दात चिकटवण्याचे शास्त्र याहून फारसे वेगळे नाही. अडचण एवढीच, की पंक्चरवाल्याची ट्यूब कोरडी असते आणि आपले तोंड सदैव ओले असते.

या शास्त्राची सुरुवात 1955 साली झाली. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील डॉ. मायकेल बुओनोकोर यांना एक गोष्ट माहीत होती. धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत आधी फॉस्फरिक आम्ल लावत असत. तेच आम्ल त्यांनी दाताच्या वरच्या कवचावर, म्हणजे एनॅमलवर, अर्धा मिनिट लावून पाहिले. दात धुऊन वाळवल्यावर त्यावर रेझिन कितीतरी घट्ट धरून बसले. आज यासाठी साधारण 37 टक्के तीव्रतेचे आम्ल वापरतात. आम्लामुळे चकचकीत एनॅमलवर मधाच्या पोळ्यासारखी अतिसूक्ष्म छिद्रे पडतात आणि दाताचा तो भाग खडूसारखा पांढरा दिसू लागतो. पातळ रेझिन या छिद्रांत शिरते, तेथेच घट्ट होते आणि हजारो मुळ्या रोवल्यासारखे पकडून बसते.

दाताची बाजू अशी सुटली. प्रश्न उरला धातूच्या बाजूचा. 1973 साली फ्रान्समधील रोशेत यांनी हलणारे खालचे दात एकमेकांना बांधण्यासाठी छिद्रे पाडलेली धातूची पट्टी वापरली. सिमेंट छिद्रांतून बाहेर येऊन खिळ्याच्या डोक्यासारखे अडकत असे. 1977 मध्ये अमेरिकेतील हाउ आणि डेनेही यांनी हीच युक्ती पडलेल्या दाताच्या जागी ब्रिज बसवण्यासाठी वापरली. पण छिद्रांतून उघडे राहिलेले सिमेंट झिजत असे, आणि पकड फक्त छिद्रांपुरतीच असे. नंतर मेरीलँड विद्यापीठातील लिवाडिटिस आणि थॉम्पसन यांनी छिद्रे काढून टाकली. निकेल-क्रोमियम धातूचा आतला पृष्ठभाग त्यांनी विजेच्या साहाय्याने आम्लात खरबरीत केला. 1982 मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली. आजही अनेक डॉक्टर अशा ब्रिजला ‘मेरीलँड ब्रिज’ म्हणतात, ते त्यामुळेच.

तिसरी मोठी सुधारणा जपानमध्ये झाली. कुरारे या कंपनीने 1980 च्या दशकात एमडीपी नावाचा पदार्थ घातलेले सिमेंट आणले. या पदार्थाचे एक टोक धातूवरील ऑक्साइडच्या थराशी रासायनिक बंध जोडते आणि दुसरे टोक रेझिनशी. म्हणजे नुसते खाचेत अडकणे नव्हे, तर खरीखुरी जोड. त्यासाठी धातूवर साधारण 50 मायक्रॉनच्या ॲल्युमिनाच्या बारीक कणांचा जोरदार फवारा मारतात. यालाच सँडब्लास्टिंग म्हणतात. फवाऱ्याने धातू स्वच्छ होतो, खरबरीत होतो आणि ताजा होतो. मात्र हे ताजेपण फार वेळ टिकत नाही. बोट लागले, थुंकी लागली की ते गेले.

शत्रू क्रमांक एक : लाळ

आम्ल लावून, धुऊन, वाळवून तयार केलेल्या दाताला लाळेचा एक क्षणभर स्पर्श झाला, तरी तिच्यातील प्रथिनांचा थर त्या सूक्ष्म छिद्रांवर बसतो. तो डोळ्यांना दिसत नाही. नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने तो पुरता निघतही नाही. अशा वेळी आम्ल पुन्हा लावावे लागते. म्हणून चांगले डॉक्टर शक्यतो दातांभोवती रबराचा पातळ पडदा ताणून लावतात. त्याला रबर डॅम म्हणतात. काही रुग्ण तो पाहूनच घाबरतात, ‘गुदमरायला होईल’ म्हणतात. वाचकहो, नाकाने श्वास मोकळा असेल तर तसे काही होत नाही. वीसपंचवीस मिनिटे तो पडदा सोसलात तर ब्रिजचे आयुष्य वाढते. नाक नेहमी चोंदत असेल, किंवा नेमकी त्या दिवशी सर्दी झाली असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. त्या दिवशी परत जाणे परवडले, पण ओल्या तोंडात घाईने चिकटवणे नको.

आणखी एक गोष्ट. चिकटवण्यापूर्वी ब्रिज तोंडात घालून माप पाहतात. तेव्हा त्याच्या आतल्या बाजूलाही लाळ लागते. त्यामुळे माप पाहून झाल्यावर तो पुन्हा नीट स्वच्छ करावा लागतो. शक्य असेल तर पुन्हा फवारा मारून मगच चिकटवणे उत्तम. ‘डॉक्टर एकदा बसवलेला दात परत काढून आत का घेऊन गेले?’ असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर त्याचे उत्तर हे आहे.

हिरड्यांतून रक्त येत असेल तर लाळेत रक्ताची भर पडते. म्हणून आधी दातांची सफाई करून, हिरड्या बऱ्या होऊ देऊन मगच ब्रिज चिकटवतात. आपल्याकडे अनेक स्त्रिया सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिने हिरड्या खराब होतात, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही असतो. ब्रिजच्या निमित्ताने मिश्री सुटली, तर एका दगडात दोन पक्षी मारल्यासारखे होईल.

दातांवर नुकतेच ब्लीचिंग केले असेल तर तेही सांगा. ब्लीचिंगनंतर एनॅमलमध्ये ऑक्सिजनचा अंश राहतो आणि त्यामुळे रेझिन नीट घट्ट होत नाही. अशा वेळी सुमारे दोन आठवडे थांबावे लागते. लवंगतेलाचे, म्हणजे युजेनॉल असलेले, तात्पुरते सिमेंट आधी वापरलेले असेल तर तेही रेझिनला मानवत नाही.

आपल्याकडच्या दोन खास अडचणी

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. तेथे लहानपण गेलेल्या माणसांच्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी पट्टे असतात. अशा एनॅमलवर आम्लाचा परिणाम नेहमीसारखा होत नाही. कधी आम्ल जास्त वेळ ठेवावे लागते, तर कधी वरचा थर किंचित घासावा लागतो. म्हणून डॉक्टरांनी ‘लहानपणी कुठले पाणी प्यायलात?’ असे विचारले, तर तो गप्पांचा विषय समजू नका.

दुसरी अडचण उन्हाची. अशा बऱ्याच सिमेंटांच्या वेष्टनावर 25 अंश सेल्सिअसच्या खाली ठेवा, अशी सूचना असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो आणि वीजही जाते. गरम झालेले सिमेंट हातात घेताघेताच घट्ट होऊ लागते आणि त्याची ताकद कमी होऊ शकते. सिमेंट शीतकपाटात ठेवून वापरण्याआधी खोलीच्या तापमानाला आणणे, ही छोटीशी गोष्ट आहे. पण आपल्या हवामानात तिला मोठे महत्त्व आहे.

एक पंख की दोन?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. पूर्वी समज असा होता, की कृत्रिम दात दोन्ही बाजूंच्या दातांना चिकटवला तर तो दुप्पट पक्का बसेल. दोन खांबांवरचा पूल एका खांबावरच्या पुलापेक्षा मजबूत, हा साधा हिशेब. परंतु तोंडात हा हिशेब चुकतो.

कारण दात हाडात सिमेंटने गाडलेला नसतो. तो सूक्ष्म तंतूंच्या झोळीत लटकलेला असतो, आणि घास चावताना प्रत्येक दात आपापल्या दिशेने किंचित हलतो. मधला पटाशीचा दात एका दिशेने हलतो, तर सुळा दुसऱ्या दिशेने. दोघांना एका काठीने बांधले, की प्रत्येक घासाला ती काठी पिळली जाते. दोघांतला एक पंख कधीतरी सुटतोच.

खरा धोका यापुढे आहे. एक पंख सुटला तरी दुसरा धरून असतो, त्यामुळे ब्रिज पडत नाही आणि रुग्णाला काही कळत नाही. सुटलेल्या पंखाखाली अन्न आणि लाळ शिरत राहते. तेथे ब्रश पोहोचत नाही. वर्ष-दीड वर्षाने ठणका लागला म्हणून रुग्ण येतो, तेव्हा पंखाखालचा निरोगी दात आतून पोखरलेला असतो. ज्या दाताला वाचवण्यासाठी हा सारा खटाटोप केला, तोच हातचा जातो!

जर्मनीतील डॉ. मॅथियास केर्न यांच्या पाहणीत हे स्पष्ट दिसले. पूर्ण सिरॅमिकच्या दोन पंखांच्या काही ब्रिजमध्ये एक बाजू तुटली, तरी उरलेल्या एका पंखावर दात व्यवस्थित टिकून राहिला. मग मुद्दाम एकाच पंखाचे ब्रिज बसवून पाहिले गेले. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दहा वर्षांनी दोन पंखांचे सुमारे 74 टक्के ब्रिज टिकले, तर एका पंखाचे सुमारे 94 टक्के. त्या पाहणीत रुग्णांची संख्या लहान होती. पण 2017 मध्ये झिर्कोनियाच्या एका पंखाच्या 108 ब्रिजचा हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात दहा वर्षांचे प्रमाण 98 टक्क्यांच्या घरात गेले. ब्रिटनमधील ब्रिस्टल येथे एका शिकवणाऱ्या दंत रुग्णालयाने बसवलेल्या 771 चिकटवलेल्या ब्रिजची पाहणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात दहा वर्षे टिकण्याचे प्रमाण सुमारे 80 टक्के होते. ‘निघूनच येतो’ म्हणणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत.

एका पंखाचा आणखी एक फायदा असा, की तो सुटला तर दात सरळ हातात येतो. लपवाछपवी नाही. रुग्ण लगेच दवाखान्यात येतो आणि शेजारचा दात वाचतो. अर्थात नियमाला अपवाद असतात. तारेने दात सरळ केल्यावर ते पुन्हा सरकू नयेत म्हणून बांधून ठेवायचे असतील, किंवा मागच्या दाढेच्या जागी ब्रिज करायचा असेल, तर डॉक्टर दोन पंखांचा विचार करू शकतात. तो निर्णय त्यांचाच.

पंख कसा असावा?

धातूचा पंख फार पातळ केला तर तो चावताना वाकतो आणि सिमेंटला तडे जातात. म्हणून धातू साधारण 0.7 मिलिमीटर तरी जाड हवा. पंखाने दाताच्या आतल्या बाजूचे जास्तीत जास्त एनॅमल झाकले पाहिजे. मात्र दात घासताना एनॅमलच्या खालच्या थरापर्यंत जाता कामा नये. तो थर मऊ आणि ओलसर असल्याने तेथे पकड कमी मिळते.

समोरचा दात पातळ असेल तर धातूचा पंख मागून करडी छाया टाकतो. तेथे पांढऱ्या झिर्कोनियाचा पंख चांगला दिसतो. झिर्कोनियावर आम्लाने छिद्रे पडत नाहीत. त्यावर हलक्या दाबाचा फवारा आणि एमडीपी असलेले सिमेंट हाच मार्ग आहे. ज्यांना स्वस्त कानातल्यांनी कान चिघळतो, त्यांना निकेलची ॲलर्जी असू शकते. त्यांनी ते आधी सांगावे, म्हणजे निकेल नसलेला पदार्थ निवडता येतो.

दात मिटल्यावर आणि बाजूला सरकवल्यावर कृत्रिम दातावर जोर येता कामा नये, हेही पाहिले पाहिजे. डॉक्टर रंगीत कागद चावायला देतात तो यासाठीच. त्या वेळी ‘ठीक आहे, ठीक आहे’ असे घाईने म्हणू नका. नीट चावून दाखवा आणि उंच वाटत असेल तर तसे सांगा.

तुमच्याकडून काय हवे?

पहिले चोवीस तास त्या बाजूने कडक काही चावू नका. पुढेही काही सवयी सोडाव्या लागतील. समोरच्या दातांनी ऊस सोलणे, सुपारी फोडणे, दोरा तोडणे, बाटलीचे झाकण उघडणे आणि नखे खाणे बंद. पेरू, सफरचंद, चिक्की यांचे तुकडे करून खा. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर रात्री घालायची पट्टी करून घ्या. कृत्रिम दाताखालून रोज जाड धागा किंवा छोटा ब्रश फिरवा. दर सहा महिन्यांनी तपासणीला जा.

ब्रिज सैल झाल्याची काही लक्षणे आहेत. गार पाणी अचानक लागणे, त्या जागी घाण चव किंवा वास येणे, जिभेने ढकलल्यावर दात किंचित हलणे, किंवा दाबल्यावर कडेने लाळेचे बुडबुडे येणे. यातले एकही दिसले तर ‘अजून पडला तर नाही ना’ म्हणून थांबू नका.

वाचकांच्या मनातील काही प्रश्न

दात निघून हातात आला तर काय करावे? तो धुऊन डबीत ठेवा आणि दोनतीन दिवसांत दवाखान्यात न्या. घरातला झटपट चिकटणारा गोंद मुळीच वापरू नका. त्याने दात वाकडा बसतो, हिरडी भाजते आणि पुढे डॉक्टरांना तो काढणे अवघड जाते. पंख सुईने किंवा चाकूने खरवडूही नका.

तोच दात पुन्हा चिकटवता येतो का? बहुतेक वेळा येतो. मात्र तो का निघाला हे आधी शोधले पाहिजे. कारण तसेच ठेवून पुन्हा चिकटवला तर तो पुन्हा निघणारच. दोन पंखांचा ब्रिज एका बाजूने सुटला असेल, तर कधीकधी सुटलेला पंख कापून टाकून दुसऱ्या पंखावर काम चालवता येते.

हा उपाय कोणासाठी नाही? ज्यांचे शेजारचे दात खूप किडलेले, भरलेले किंवा हलणारे आहेत, ज्यांचे सलग अनेक दात गेले आहेत, किंवा ज्यांचे दात झिजून एनॅमलच उरलेले नाही, त्यांनी दुसरा पर्याय पाहावा.

खर्च झेपत नसेल तर? मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत कृत्रिम दातांचा स्वतंत्र विभाग असतो. तेथे चौकशी करावी. वेळ जास्त लागतो, पण मार्गदर्शन तज्ज्ञांचे असते.

थोडक्यात लक्षात ठेवा : चिकटवण्याच्या दिवशी घाई करू नका. रबराचा पडदा सोसा. ‘एक पंख की दोन, आणि का?’ हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. कोणताही चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. आणि बसवलेला दात हलू लागला तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. कृत्रिम दात दुसरा मिळेल, पण त्याला आधार देणारा निरोगी दात एकदा गेला की परत मिळत नाही.